दातवणाचा माग

बनारसला गोदौलिया चौकातून दशाश्वमेध घाटाकडे उतरताना सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला ओल्या गोणपाटावर हिरव्या काड्यांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. कडुलिंबाच्या असतात, बाभळीच्या असतात. स्नानाला आलेला खेड्यातला यात्रेकरू एक काडी घेतो, टोक चावून त्याचा कुंचला करतो, दात घासतो, मग तीच काडी उभी चिरून जीभ खरवडतो आणि चूळ भरून पाण्यात उतरतो. त्याच रस्त्यावरच्या दुकानांत टूथपेस्टच्या ट्यूब लटकत असतात: कडुलिंबाच्या, लवंगेच्या, मिठाच्या आणि आता कोळशाच्याही. काडी म्हणजे काय हे घेणाऱ्याला समोर दिसतं. ट्यूबमध्ये काय आहे ते वाचावं लागतं आणि फार थोडे लोक ते वाचतात. हे दिसणं नेमकं कुठे बंद झालं, याचा हा माग.

काशीतून सुरुवात करायला कारण आहे. सुश्रुतसंहितेतला उपदेश करणारे गुरू म्हणजे काशिराज दिवोदास. त्यांना धन्वंतरीचा अवतार मानतात. संहितेच्या चिकित्सास्थानातल्या 24व्या अध्यायात दात घासण्याची काडी कशी असावी ते बारकाईने सांगितलं आहे. लांबी बारा अंगुळं, जाडी करंगळीएवढी. सरळ, ताजी, गाठ नसलेली, कीड न लागलेली. कडू चवीत कडुलिंब उत्तम, तुरट चवीत खैर, गोडात मोह, तिखटात करंज. सोबत मध, सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण, तेल, सैंधव. एकेक दात मऊ कुंचल्याने घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, अशी ताकीदही आहे.

या अध्यायातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्यापुढे येतो. ही काडी कोणी वापरू नये याची यादी तिथे दिली आहे. घसा, टाळू, ओठ किंवा जीभ यांचा विकार असलेला, तोंड आलेला, दम्याचा, खोकल्याचा, उचकी लागलेला, उलट्या होणारा, अजीर्ण झालेला, डोकं दुखणारा, थकलेला, तोंड वाकडं झालेला. म्हणजे कडुलिंबाची काडी चांगली म्हणून ती सर्वांना आणि सर्वकाळ चांगली, असं त्या वैद्यांनी म्हटलेलं नाही. आज 'नैसर्गिक' अशी पाटी लावलेल्या मालाच्या खोक्यावर असली यादी मला क्वचितच आढळते.

बौद्धांच्या विनयपिटकातही ही काडी आहे. भिक्षू दात घासत नसत, तोंडाला वास येई, म्हणून बुद्धाने काडीची परवानगी दिली अशी कथा त्यातल्या चुल्लवग्गात येते. पुढे कोणी लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्यांनीच लहान श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्षूंना, मारू लागले, तेव्हा आठ अंगुळांची कमाल मर्यादा आली. एकाच्या घशात आखूड काडी अडकली, तेव्हा चार अंगुळांची किमान मर्यादा आली. वापरात जे घडलं त्यावरून नियम झाला. सातव्या शतकात नालंदेत राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने मायदेशी पाठवलेल्या ग्रंथात या काडीवर स्वतंत्र लिहिलं. भारतात दातदुखी फारशी आढळत नाही याचं श्रेय त्याने काडीला दिलं.

मराठी माणसाचा संबंध इथून पुढे थेट येतो. पैठणहून काशीला जाऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्याने तिथे पिढ्यान् पिढ्या धर्मशास्त्र लिहिलं. 1612 साली 'निर्णयसिंधु' पुरा करणारे कमलाकरभट्ट या घराण्यातले आणि 1674 साली शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांचे पुतणे. याच घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा भागांचा, ग्रंथ रचला. त्यातला 'आचारमयूख' रोजच्या आचारांचा आहे. उठल्यापासूनच्या कर्मांत दंतधावन हे धर्मशास्त्राने नेमून दिलेलं कर्म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सगळी वचनं गोळा केली आहेत. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या, श्राद्धाचा आणि उपासाचा दिवस अशा वेळी काडी वर्ज्य. त्या दिवशी पाण्याच्या बारा गुळण्या. वैद्याने प्रकृती पाहून घातलेली मर्यादा इथे तिथी पाहून घातली गेली, वर्णानुसार काडीची लांबीही बदलली. आरोग्याचं कारण मागे पडलं आणि रिवाज पुढे आला. प्रश्न विचारण्याची सवय इथेच प्रथम सुटली असं माझं मत आहे. तरी वस्तू मात्र अजून उघडी होती. झाड दारात, काडी हातात.

काडीला झाड लागतं आणि घासायला निवांत वेळ लागतो. घरात चूल असेल तर राख फुकट. आपल्याकडे गोवरीची राखुंडी, भाताच्या तुसाची काळी राख, वस्त्रगाळ केलेला कोळसा आणि मीठ हे माझ्या आजीच्या पिढीचं दातवण. ती पिढी ते अंगणात बसून तर्जनीने लावत असे. राखुंडीने दात पांढरे दिसतात, कारण तिच्यातले कण दातावरचा थर खरवडून काढतात. डागाबरोबर थोडं दातावरचं कवचही जातं आणि ते एकदा झिजलं की पुन्हा भरून येत नाही. जुन्या माणसांचे दात चकचकीत होते अशी आठवण आपण काढतो. त्यांतल्या कितीजणांना गार पाणी झोंबत होतं, हे आपण विचारत नाही.

ब्रश परदेशातून आला. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस याने 1780च्या सुमारास हाडाच्या दांड्यात जनावराचे राठ केस बसवून ब्रश विकायला सुरुवात केली. हाड आणि डुकराचे केस तोंडात घालायला इथल्या हिंदू वा मुसलमान घरात कोण तयार होणार? 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश निघाला आणि ती अडचण दूर झाली.

मधल्या काळात काडीला एक मोठा पाठीराखा लाभला. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर 1930 साली येरवडा तुरुंगात गांधीजींसोबत होते. तिथली आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. कडुलिंबाच्या काडीचं टोक ठेचून ते गांधीजींना देत. वापरून झाल्यावर गांधीजींनी सांगितलं की एवढाच कुंचला कापून टाका आणि उरलेली काडी उद्या वापरा. रोज ताजी मिळते, असं कालेलकर म्हणाले. मिळते म्हणून टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं उत्तर आलं. नैसर्गिक वस्तू वापरणं एवढ्यावर गांधीजी थांबत नव्हते, झाडाकडून किती घ्यावं हेही ते पाहत होते.

आणि मग आली डबीतली भुकटी. माझ्या मते सगळ्या मागोव्यातलं खरं वळण हेच. काडी किंवा घरची राख यांच्यात लपवायला जागा नव्हती. दुसऱ्याने दळलेल्या भुकटीत ती झाली. माकडछाप काळी पावडर मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या फळीवर असे. केशव विष्णु पेंढरकर नागपूरहून मुंबईला आले आणि 1952 साली परळच्या घरात स्वयंपाकघराचाच कारखाना करून वनस्पतींचं दंतमंजन बनवू लागले. मुलं ते दारोदार विकत. पुढे त्याचं नाव विको वज्रदंती म्हणून देशभर झालं. उत्तरेत लाल दंतमंजनाचं राज्य होतं. त्यात गेरूचा भाग मोठा आणि गेरू म्हणजे लाल माती.

हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न अबकारी कराच्या निमित्ताने न्यायालयात गेला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटलं की सामान्य माणूस ते औषध समजून विकत घेत नाही, रोजच्या वापराची वस्तू समजून घेतो. म्हणून ते आयुर्वेदिक औषध नव्हे. विकोचा दावा मात्र अनेक वर्षांच्या झगड्यानंतर सर्वोच्च न्यायालयातच टिकला आणि त्यांची उत्पादनं औषध ठरली. दोन्ही वाद नागपूरच्या अबकारी कार्यालयाशी झाले. एकाच फळीवरच्या दोन डब्या कायद्याने दोन वर्गांत गेल्या. घेणाऱ्याला त्यावरून एवढंच कळू शकतं की 'आयुर्वेदिक' हा शब्द डबीत काय आहे ते सांगत नाही.

भुकटीच्या आडून जे आत शिरलं त्यात सर्वांत घातक तंबाखू. महाराष्ट्रात तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून मशेरी करतात. पूर्व उत्तर प्रदेशात, बनारसच्या आसपास, त्याच कामाला गुल आहे. दोन्हींची सुरुवात दात घासण्यापासून होते. सकाळी एकदा, मग जेवल्यावर, मग कामाच्या मधे. आपल्या खेड्यांत ही सवय बायकांमध्ये फार आहे. सिगारेट ओढणं ज्या घरात पाप, त्या घरात सासू सुनेला मशेरी देते. ती दातांसाठी आहे, घरची आहे, झाडापासून केलेली आहे. त्यातून निकोटीनचं व्यसन लागतं, हिरड्या सुटतात, तोंडाचा कर्करोग होतो. बाजारच्या दंतमंजनांत आणि पेस्टमध्येही तंबाखू घातली जात होती. 1992 साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली, उत्पादक न्यायालयात गेले आणि 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मशेरी घरच्या तव्यावर होत असल्याने कायद्याच्या हाताबाहेर राहिली.

पेस्टचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वदेशीच्या भरात 1916 साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीने कडुलिंबाचा साबण आणि कडुलिंबाची टूथपेस्ट काढली. काडीतला कडुलिंब तेव्हाच ट्यूबमध्ये गेला. फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट आलं, ज्याने काहींचं तोंड वारंवार येतं. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक आलं, अमेरिकेत 2016 साली ते साबणातून हद्दपार झालं आणि त्यानंतर पेस्टमधूनही मागे घेतलं गेलं. प्लॅस्टिकचे बारीक मणी आले. 2015च्या अमेरिकी कायद्याने ते बंद केले. हे प्रश्न ग्राहकांनी आणि शास्त्रज्ञांनी रेटून विचारले म्हणून सुटले. पण त्याच ट्यूबमध्ये फ्लोराइडही आलं आणि त्याने दात किडण्याचं प्रमाण घटतं याचा पुरावा भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराइडयुक्त पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. रसायन म्हटलं की टाळायचं, असं ठरवणाऱ्या घरात ही एक संरक्षक वस्तू मुलांपासून दूर राहते. कडुलिंबाच्या काडीने दातावरचा थर निघतो, पण फ्लोराइडचं काम ती करत नाही.

कडुलिंबाची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 1994 साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुलिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकाचं पेटंट अमेरिकी सरकारचं कृषिखातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिलं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला विरोध केला. म्यूनिकच्या सुनावणीत बाजू मांडायला काशी हिंदू विश्वविद्यालयातले कृषिशास्त्रज्ञ प्रा. उदयप्रताप सिंह होते आणि महाराष्ट्रातले उद्योजक अभय फडके होते. अशा तेलाचे प्रयोग आपण 1980च्या दशकातच महाराष्ट्रातल्या शेतांवर केले होते, अशी साक्ष फडक्यांनी दिली. 2000 साली पेटंट रद्द झालं, 2005 साली अपीलही फेटाळलं गेलं. जुनं म्हणून कडुलिंब जिंकला नाही. कोणी, कुठे, कसा वापरला आणि काय झालं, हे सांगणारं माणूस समोर उभं राहिलं म्हणून जिंकला.

आणि आता कोळसा परतला आहे. अंगाला दूध-बदाम आणि दाताला कोळसा का, असं पहिलवानाला खडसावणारी जाहिरात टीव्हीवर पाहत आपली एक पिढी वाढली. आता नामांकित कंपन्या कोळशाची काळी पेस्ट महाग दराने विकतात. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 2017 साली छापलेल्या आढाव्यात कोळशाच्या पेस्टच्या दाव्यांना पुरेसा पुरावा सापडला नाही. राखुंडीचा दोष पेस्टमध्ये घातल्याने जात नाही.

ज्यांना काडी परवडते, आवडते, त्यांनी जरूर वापरावी. ताजी, मऊ, हिरडीला न टोचता, आणि सोबत दिवसातून एकदा तरी फ्लोराइडची पेस्ट. पेस्ट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, फ्लोराइड किती आहे ते पाहा. आपल्याकडे त्याची मर्यादा दहा लाखांत एक हजार भाग आहे. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आणि तुमच्या घरात, शेजारी, माहेरी कोणी बाई अजून मशेरी लावत असेल तर तिच्याजवळ बसा, ती केव्हापासून लावते ते विचारा आणि एकदा तिचं तोंड डॉक्टरला दाखवा.