पोलंडांतील स्थानिक स्वराज्य आणि युरोपीय संघ

एखादें राष्ट्र परसत्तेच्या छायेंतून सुटून पुढें स्वेच्छेनें राष्ट्रांच्या मोठ्या संघांत सामील होतें, तेव्हां त्याच्या गांवोगांवच्या स्वराज्याचें काय होतें? संघ त्यास बळ देतो, कीं कारभाराचीं सूत्रें राजधानीकडेच अधिक खेंचलीं जातात? पोलंडच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. मात्र तें सामान्यतः समजलें जातें तितकें सरळ नाहीं.

साम्यवादी राजवटीनें १९५० च्या कायद्यानें स्थानिक स्वराज्य मोडीत काढलें. ज्या परिषदा उरल्या, त्या मध्यवर्ती सत्तेच्याच शाखा होत्या. १९७५ सालीं जिल्हे रद्द करून देशाचे ४९ लहान प्रांत पाडण्यांत आले; इतक्या लहान प्रांतांस राजधानीपुढें ब्र काढण्याची ताकद नव्हती. १९८९ सालीं राजवट पालटली. पंतप्रधान माझोव्येत्स्की यांच्या कारकीर्दींत ८ मार्च १९९० रोजीं ‘ग्मिना’ म्हणजे ग्राम व नगर-संस्था यांना स्वराज्य देणारा कायदा झाला आणि २७ मे रोजीं निवडणुकाही पार पडल्या. प्राध्यापक येझी रेगुल्स्की हे या सुधारणेचे एक प्रमुख शिल्पकार. युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठीं पोलंडनें अर्ज केला तो १९९४ सालीं. म्हणजे ब्रुसेल्सचें दार ठोठावण्यापूर्वींच तेथें स्वराज्याचें बीं रुजलें होतें.

प्रांतांचा प्रश्न मात्र उरला होता. पंतप्रधान येझी बुझेक यांच्या सरकारनें १९९८ सालीं ४९ ऐवजीं १२ मोठे प्रांत करण्याचें योजिलें. विकासाच्या योजना आंखण्यास व संघाचा निधि वापरण्यास मोठेच प्रांत समर्थ ठरतील, असा पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. परंतु प्रांताचा दर्जा जाणार म्हणून ओपोलेसारख्या ठिकाणीं लोकांनीं जोराचा विरोध केला. संसदेनें संख्या १५ वर नेली. राष्ट्राध्यक्ष क्वाश्नेव्स्की यांनीं तें विधेयकही नाकारलें. अखेर तडजोडीनें १६ प्रांत ठरले. १ जानेवारी १९९९ पासून ही रचना अमलांत आली व जिल्हेही पुन्हां अस्तित्वांत आले. प्रत्येक प्रांतांत पंतप्रधानांनीं नेमलेला अधिकारी राहिला आणि त्याच्या जोडीला लोकनियुक्त प्रांतिक सभेनें निवडलेला ‘मार्शल’ आला. प्रांतांचा आंकडा ठरला तो पोलंडच्या रस्त्यांवर व संसदेंत; संघानें तो ठरवून दिला नव्हता.

पुढचा भाग विलक्षण आहे. १ मे २००४ रोजीं पोलंड संघांत दाखल झाला. प्रवेशाच्या वाटाघाटी मध्यवर्ती सरकारनेंच केल्या होत्या. २००४ ते २००६ या काळांत सर्व प्रांतांसाठीं मिळून एकच निधि-योजना होती व तिचा कारभार वॉर्सा येथील मंत्रालयाच्या हातीं होता. नवे प्रांत हा भार पेलतील कीं नाहीं, याविषयीं ब्रुसेल्समध्येंच शंका होती. प्रांतांचा पुरस्कार करणारा संघच प्रारंभीं राजधानीस बळकटी देऊन गेला! २००७ पासून मात्र १६ प्रांतांच्या १६ स्वतंत्र योजना झाल्या आणि त्या मार्शलांच्या हातीं आल्या. कागदावरील प्रांतांस खरें वजन आलें तें तेव्हां.

तरीही अनुदान म्हणजे स्वतःचें उत्पन्न नव्हे. प्रांतांचें उत्पन्न मुख्यतः राष्ट्रीय करांतील वांट्यावर अवलंबून असतें आणि तो वांटा संसद ठरविते. सदस्य राष्ट्राची अंतर्गत रचना संघाच्या करारानें त्या राष्ट्राकडेच ठेविली आहे. म्हणूनच २०१६ सालीं कृषि-सल्ला केंद्रें प्रांतांकडून काढून मंत्र्यांच्या हाताखालीं नेण्यांत आलीं, तेव्हां संघाचें सदस्यत्व आड आलें नाहीं. स्वराज्य ज्यांचें त्यांनींच राखावें लागतें. संघ त्यास द्रव्य पुरवील, पहारा देणार नाहीं.