स्मरणातून शास्त्र: महानुभाव ग्रंथांची निवड आणि हरवलेली मूळ पोथी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही दोन गावे महानुभाव पंथाच्या सर्वांत जुन्या गद्यग्रंथात, म्हणजे लीळाचरित्रात येतात. ग्रंथाच्या ‘एकांक’ या पहिल्या भागात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या एकट्याने केलेल्या भ्रमंतीच्या लीळा, म्हणजे आठवणीतले प्रसंग, आहेत. मेहकरला बोणेबाईंची भेट होते, तर लोणारला देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव दर्शनाला येतो. या प्रसंगांच्या वेळी स्वामींबरोबर शिष्यांचा परिवार नव्हता. म्हणजे पुढे हे प्रसंग ज्यांनी सांगितले, त्यांतील बहुतेकांनी ते स्वतः पाहिलेले नव्हते, स्वामींच्या तोंडून किंवा इतरांकडून ऐकलेले होते. पाहिलेले, ऐकलेले आणि ऐकलेल्याकडून ऐकलेले यांतले शास्त्र कोणते, हा प्रश्न पंथाला पहिल्या पिढीतच सोडवावा लागला.

चक्रधरांनी स्वतः काही लिहिले नाही. मूळचे भडोचचे असलेल्या या पुरुषाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदाकाठी आणि वऱ्हाडात मराठीतून निरूपण केले. त्यांच्या प्रयाणानंतर शिष्य ऋद्धिपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात जमले आणि आचार्यपद नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आले. स्वामींच्या आठवणी लिहून ठेवाव्यात हा विचार म्हाइंभटांचा. सराळ्याचे हे विद्वान पंडित वादविवादाच्या खुमखुमीने स्वामींकडे आले आणि शिष्य होऊन राहिले. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरी या स्थानी बसून भटोबास सांगत आणि म्हाइंभट टिपून घेत. जे प्रसंग भटोबासांनी पाहिले नव्हते त्यांच्यासाठी म्हाइंभट त्या त्या साक्षीदाराकडे गेले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग त्यातून उभे राहिले. गोविंदप्रभूंच्या चरित्रासाठीही त्यांनी हीच पद्धत वापरली.

संतचरित्रांच्या इतिहासात ही पद्धत वेगळी आहे. चमत्कार किती मोठा, यापेक्षा तो कोणी पाहिला याला इथे महत्त्व होते. स्वामी कुठे बसले, कोणत्या दारातून आत आले, जेवायला काय होते, अशा बारीकसारीक गोष्टीही नोंदल्या गेल्या. आजच्या वाचकाला त्यातून तेराव्या शतकातली घरे, बाजार आणि बोली दिसते. संकलकांचा हेतू मात्र सामाजिक इतिहास लिहिण्याचा नव्हता. परमेश्वराची प्रत्येक कृती स्मरणीय आहे, म्हणून तिच्यातले काहीही गाळायचे नाही, एवढीच त्यामागची श्रद्धा होती.

पण सगळेच जपायचे ठरल्यावर प्रमाण काय मानायचे हे वेगळे ठरवावे लागते. ते काम भटोबासांचे शिष्य केशिराजबास यांनी केले. लीळांमध्ये विखुरलेली स्वामींची वचने प्रसंगापासून वेगळी करून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला. स्वामींनी दिलेले 114 दृष्टान्त निवडून दृष्टान्तपाठ केला. केशिराजबास संस्कृतचे पंडित होते. तरीही पंथाचे शास्त्र मराठीतच राहिले, कारण संस्कृतात गेले तर स्वामींच्या बायाबापड्या त्याला मुकतील असा भटोबासांचा आग्रह होता.

पुढे अधिकाराची उतरंड ठरली. चक्रधरांचे वचन ही श्रुती. भटोबासांच्या काळातील वचने आणि आठवणी ही स्मृती, त्यांच्या चरित्रग्रंथाचे नावच ‘स्मृतिस्थळ’ आहे. त्यानंतरच्या पिढीचा तो वृद्धाचार, आणि त्याही खाली मार्गरूढी. खालच्या पायरीवरचे वचन वरच्या पायरीला विरोध करू शकत नाही. श्रुती आणि स्मृती ही नावे वैदिक परंपरेची आहेत, पण इथे ती वेदांना बाजूला ठेवून एका मराठी बोलणाऱ्या पुरुषाच्या शब्दांना लावली आहेत. ब्राह्मण आचार्यांच्या हातून हे घडले, हे त्या काळाचा विचार करता धाडसच म्हणावे लागेल.

ख्रिस्ती परंपरेशी तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. नव्या कराराची 27 पुस्तके ज्या यादीत नेमकी आजच्याप्रमाणे दिसतात ती सर्वांत जुनी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या 367 सालच्या पत्रात आहे, येशूनंतर जवळजवळ साडेतीन शतकांनी. तोवर वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळी पुस्तके वाचत होत्या. यादीबाहेर राहिलेली काही पुस्तके नामशेष झाली आणि त्यांतली काही 1945 मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादी गावाजवळ एका रांजणात सापडली. महानुभावांकडे निवड एका-दोन पिढ्यांतच झाली. कोणते पुस्तक घ्यायचे हा वाद तिथे फारसा झाला नाही. झाला तो एकाच पुस्तकाच्या पाठांचा, आणि त्याला कारण मूळ पोथीच हरवली हे.

1296 मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत पंथीय लोक वाट फुटेल तिकडे पांगले, काही कोकणात गेले. त्याच पळापळीत म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी लुटली गेली, असे पंथाची परंपरा सांगते. मग स्मरणावर ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यात हिराइसा या शिष्येचे नाव आदराने घेतले जाते. तिला लीळा मुखोद्गत होत्या आणि तिच्या स्मरणातून आलेला पाठ ‘पिढीपाठ’ म्हणून ओळखला जातो. इतर शिष्यांनीही आपापल्या आठवणीप्रमाणे पाठ लिहविले. साहजिकच ते सगळे एकमेकांशी जुळले नाहीत.

इथे नकलाकारांनी एक शहाणपणा केला. भेद मिटवून एकच गुळगुळीत पाठ करण्याऐवजी त्यांनी ते लीळेतच नोंदवले. एखाद्या प्रसंगाची दुसरी आठवण असेल तर तिला ‘वासना’ म्हणायचे, मागाहून हाती आलेला मजकूर ‘शोध’ म्हणून जोडायचा, आणि अमुक तमुक असे म्हणतो हे नावानिशी द्यायचे. मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने चर्चने शेजारी शेजारी ठेवली. महानुभावांनी असे भेद एकाच लीळेच्या पोटात ठेवले. सूत्रपाठाबाबत अडचण निराळी होती. प्रसंग काढून टाकल्यामुळे वचन कोणाला आणि कशावरून सांगितले ते कळेना. म्हणून पंथातले भाष्यकार परशरामबास यांनी प्रत्येक सूत्राचा प्रसंग पुन्हा जोडून दिला, आणि गाळलेली लीळा अशी भाष्यरूपाने परत आली.

काव्यग्रंथांचीही निवड झाली. रुक्मिणीस्वयंवर, शिशुपाळवध, उद्धवगीता, वछाहरण, सह्याद्रिवर्णन, ऋद्धिपूरवर्णन आणि ज्ञानप्रबोध हे ‘साती ग्रंथ’ पंथात विशेष मानले गेले, पण श्रुतीच्या पायरीवर कधी चढले नाहीत. त्यांतल्या रुक्मिणीस्वयंवराशी ग्रंथहानीची आणखी एक कथा जोडलेली आहे. नरेंद्रकवीने हे काव्य रामदेवराव यादवाच्या सभेत वाचले. राजाने त्यावर स्वतःचे नाव घालायला सांगितले, कवीने नकार दिला, आणि पोथी राजाकडे राहिली. कवीला जेवढे आठवले तेवढेच पंथाकडे आले. कथा खरी असो वा रचलेली, हरवलेला ग्रंथ स्मरणाने परत मिळवायचा ही सवय पंथात किती मुरली होती ते तिच्यावरून कळते.

चौदाव्या शतकात जपणुकीचे नवे साधन आले. पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात झाली. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्यांची नावे. सर्वांत जास्त वापरली गेलेली सकळ लिपी रवळोव्यासांनी बसवली असे परंपरा मानते. मूळ हेतू पाठ शुद्ध आणि पवित्र राखण्याचा असावा. परिणाम असा झाला की पुढची जवळजवळ सहा शतके मराठी समाजाला हे वाङ्मय वाचताच आले नाही. ज्यांचे ग्रंथ कोणी वाचू शकत नाही त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलता येते, आणि महानुभावांबद्दल ते बोलले गेलेही. पोथ्या मात्र मठांमधून पेशावर-काबूलपर्यंत पोचल्या होत्या. तिकडचे अनुयायी जयकृष्णी म्हणून ओळखले जात आणि धर्मग्रंथ मराठीच वाचत.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली. पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली. 1925 मध्ये यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ आले. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतले आणि पुढे शं. गो. तुळपुळे यांनीही ते संपादित केले. पण या कामाला ज्याने आयुष्य दिले तो अभ्यासक बुलढाणा जिल्ह्यातलाच. विष्णु भिकाजी कोलते 1908 मध्ये मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे जन्मले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1967 च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शिशुपाळवधाचे कवी भास्करभट्ट बोरीकर यांच्यापासून पंथाच्या तत्त्वज्ञान आणि आचारधर्मापर्यंत त्यांनी लिहिले. 1978 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचे लीळाचरित्र प्रसिद्ध केले, ते अनेक पोथ्या ताडून तयार केलेले होते.

या आवृत्तीवर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. संशोधकाच्या दृष्टीने प्रत्येक पाठभेद हा पुरावा असतो. पोथीत सापडलेली प्रत्येक लीळा त्याला छापायची असते. भाविकाच्या दृष्टीने काही लीळा अस्सल नाहीत, किंवा अधिकारी गुरूच्या निरूपणाशिवाय बाहेर आणण्याजोग्या नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी पक्क्या होत्या. लीळांमध्ये काय राहावे हा जो प्रश्न हिराइसेच्या काळात शिष्यांनी आपसांत सोडवला होता, तो आता छापखाना आणि वृत्तपत्रांपर्यंत गेला.

म्हाइंभटांच्या हातची पोथी आजवर मिळालेली नाही. उपलब्ध असलेली प्रत्येक प्रत स्मरणावरून पुन्हा लिहिलेल्या कोणत्या ना कोणत्या पाठाची आहे. शब्दांना आधार म्हणून पंथाने जागाही नोंदल्या. चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुठे बसले याची गाववार नोंद स्थानपोथीत आहे. अशा ठिकाणी पंथाचे लोक ओटे बांधून त्यांना नमस्कार करतात. लीळेचा पाठ आणि स्थानाची नोंद जुळते का, हे ताडून पाहण्याची सोय त्यामुळे अभ्यासकालाही झाली आहे.