२०० फूट बर्फ आणि सहा वर्षांची पोरं

उत्तर अमेरिकेत आइस हॉकीची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. या मापाचं मूळ शोधत गेलं की आपण एका इमारतीपाशी येऊन पोहोचतो. माँट्रियलची व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक १८६२ साली उघडली, ती शहरातल्या खात्यापित्या मंडळींना हिवाळ्यात छपराखाली स्केटिंग करता यावं म्हणून. हॉकीचा तेव्हा कुणी विचारही केला नव्हता. आतला बर्फ साधारण २०४ बाय ८० फुटांचा. ३ मार्च १८७५ रोजी जेम्स क्रायटन यांनी तिथे हॉकीचा सामना भरवला, तेव्हा खेळालाच जागेशी जुळवून घ्यावं लागलं. गोठलेल्या नदीवर वाटेल तितके गडी उतरायचे. इथे एका बाजूला नऊच. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल म्हणून लाकडाची चपटी चकती आणली. आजच्या रबरी पकचा हा पूर्वज.

पुढे ते माप मोठ्यांच्या खेळाला चिकटलं आणि वारशाने पोरांकडेही आलं. पोरांना एवढी जागा झेपते का, हे विचारायची बराच काळ गरजच पडली नाही, कारण त्यांचं खरं शिक्षण तळ्यावर आणि परसात होत होतं. ब्रँटफर्डमध्ये वॉल्टर ग्रेट्झ्की घरामागे पाणी सोडून बर्फ जमवायचे. त्यांचा मुलगा, पुढे हॉकीत नावाजलेला वेन, त्यावर वाढला. टोरंटोजवळ केन ड्रायडनच्या वडिलांनी हॉकीसाठी परसात फरसबंदी करून घेतली. केन आणि त्याचा भाऊ दोघेही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गोलरक्षक झाले. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटने जसं खिडक्या सांभाळत सरळ बॅटने खेळायला शिकवलं, तसंच हे. ना प्रशिक्षक, ना शिट्टी, आणि जागा एवढीशी की पक सारखा पायाशी.

मग बंदिस्त रिंक वाढल्या, लीग वाढल्या, बर्फ तासाच्या भाड्याने मिळू लागला आणि परसातलं पोर रिंकमध्ये गेलं. सहा वर्षांच्या मुलांचा रिंकभरचा सामना पाहा. एक चपळ पोर पक घेऊन सुटतं, बाकीची घोळक्याने त्याच्या मागे फरफटतात. अर्ध्या वाटेत पक निसटतो की घोळका उलटा फिरतो. दुसऱ्या टोकाचा गोलरक्षक तोवर जाळीशी खेळत बसलेला. बर्फाचं भाडं तासाभराचं, पण कित्येकांच्या स्टिकला पक लागतो तो एखाद-दोन वेळाच.

तिकडे मॉस्कोत अडचण उलटी होती. युद्धानंतर सोव्हिएत संघाने कॅनडाची हॉकी उचलली, पण कृत्रिम बर्फ जवळजवळ नव्हताच. एका बालोद्यानात पोरांसाठी केलेल्या चिमुकल्या रिंकवर प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह यांचे दांडगे खेळाडू सराव करत. एवढ्याशा जागेत लांब धाव मारता येत नाही. वळावं लागतं, पास द्यावा लागतो, मान वर ठेवावी लागते. तंगीतून शिस्त आली, असं मला वाटतं. तारासोव्ह यांची बुद्धी तर होतीच. २ सप्टेंबर १९७२ रोजी दोन देशांमधल्या मालिकेत माँट्रियलमध्ये सोव्हिएत संघाने कॅनडाला ७-३ असं हरवलं. कॅनडाच्या गोलमध्ये उभा होता तोच परसातला केन ड्रायडन. मालिका कॅनडाने कशीबशी जिंकली, पण पासांची ती जाळी सगळ्यांनी पाहिली.

तरी पोरांचा बर्फ लहान व्हायला आणखी काही दशकं गेली. २००९ मध्ये यूएसए हॉकीने वयानुसार घडण करणारा आराखडा आणला: आठ वर्षांपर्यंतच्यांनी रिंकच्या रुंदीत खेळायचं. मध्ये फोमचे लांब ठोकळे आडवे ठेवले की एकाच रिंकवर दोन-तीन सामने चालतात. पकही हलका आणि निळा, १७० ग्रॅमऐवजी साधारण ११३ ग्रॅमचा. पटत नसलेल्यांसाठी संघटनेने एक चित्रफीत काढली. पोरांना मोठी रिंक जेवढी वाटते, त्या प्रमाणात वाढवलेल्या बर्फावर त्यात मोठ्या माणसांना खेळवलं. ती धापा टाकू लागली, हे सांगायला नको. तुलनेची मोजणीही झाली: छोट्या बर्फावर प्रत्येक पोराचे गोलवरचे फटके सहापट आणि पकला स्पर्श दुप्पट.

२०१७ मध्ये हॉकी कॅनडाने पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हेच सक्तीचं केलं आणि पालक खवळले. ही खरी हॉकी नव्हे, ऑफसाइड कधी शिकणार, वगैरे. पण बॉस्टन गार्डनचा बर्फ १९१ बाय ८३ फूटच होता आणि एनएचएलचा बॉस्टन ब्रुइन्स संघ त्यावर १९९५ पर्यंत खेळला. त्याला कुणी खोटी हॉकी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ऑफसाइड दहाव्या वर्षीही शिकता येतो. गर्दीत पक सांभाळून मोकळा साथीदार हेरण्याची सवय मात्र तेव्हा लावायला जड जाते.

पालकांचा खरा सल वेगळा असावा. रिंकभरच्या खेळात आपलं चपळ पोर एकटं सुटून गोल करताना दिसतं. छोट्या बर्फावर त्याला दर दोन ढांगांवर कुणीतरी आडवं येतं. एनएचएलच्या संघांच्या सरावातही आता दोन गोल एकाच टोकाला समोरासमोर आणून तिघांविरुद्ध तिघे खेळवतात, ते याच आडवं येण्यासाठी.