पर्वताच्या पोटातील चाहूल

ज्वालामुखी पर्वत अकस्मात फुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. बहुतेक मोठ्या स्फोटांपूर्वी भूमीने काही दिवस, काही आठवडे, क्वचित काही महिने आधी सूचना दिलेली आढळते. ती सूचना ओळखावयास मनुष्याला दीर्घ काळ लागला, आणि ओळखल्यानंतरही ती मानावयास तो प्रत्येक वेळी तयार झालाच असे नाही.

इटलीतील व्हेसुव्हियसचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. इ. स. ६२ च्या सुमारास त्या परिसरात मोठा भूकंप होऊन पाँपेई नगरीची फार हानी झाली. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने या भूकंपाविषयी लिहिताना सहाशे मेंढ्यांचा एक कळप मृत्युमुखी पडल्याचे नमूद केले असून, भूगर्भातून निघालेल्या विषारी वायूंना त्याचे कारण मानले आहे. पृथ्वीच्या पोटात कोंडलेली हवा वाट शोधू लागली म्हणजे भूकंप होतो, असे त्याचे मत होते. पुढे इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला. त्यापूर्वी कित्येक दिवस जमीन हादरत होती. पण त्या प्रांतात असे धक्के नित्याचेच असल्यामुळे कोणी फारसे भ्याले नाही, असे धाकट्या प्लिनीने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. सूचना मिळाली होती. परंतु रोजचा हादरा कोणता आणि अनिष्टाची चाहूल कोणती, हे सांगणारे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन निर्माण करण्याचा उद्योग त्याच पर्वतावर झाला. १८४१ साली व्हेसुव्हियसच्या उतारावर वेधशाळेची स्थापना झाली आणि १८५६ मध्ये लुइजी पाल्मिएरी या शास्त्रज्ञाने विजेच्या साह्याने चालणारे भूकंपमापक यंत्र तेथे सिद्ध केले. मनुष्याला न जाणवणारे सूक्ष्म कंपही ते टिपून ठेवी. पर्वताच्या नाडीवर बोट ठेवून बसण्याची ही पहिली व्यवस्था होय.

पुढे यंत्रे सुधारली तेव्हा असे दिसून आले की, सर्व कंप एकाच जातीचे नसतात. खालून वर चढणाऱ्या शिलारसाच्या दाबाने खडक तडकला, तर उमटणारा धक्का तीक्ष्ण असतो आणि लवकर विरतो. परंतु खडकांच्या भेगांतून शिलारस, उष्ण पाणी किंवा वायू सरकू लागले, म्हणजे त्या भेगा शंख फुंकावा तशा घुमतात. त्यांचे कंप संथ, लांबट आणि एकसुरी असतात. पहिला प्रकार वाट फुटत असल्याचे सांगतो, दुसरा त्या वाटेवर प्रवास सुरू झाल्याचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड शूए या शास्त्रज्ञाने या संथ कंपांचा अर्थ विशेषत्वाने उलगडला. भूकंपाचे सर्वसाधारण कारण म्हणून सेनेकाची कल्पना टिकली नाही. पण ज्वालामुखीपुरते पाहिले, तर कोंडलेला वायू भूमीस हादरवतो, हा त्याचा तर्क अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

तरीही केवळ ज्ञानाने प्राण वाचत नाहीत. कोलंबियातील नेवादो देल रुइस हा हिमाच्छादित पर्वत १९८४ च्या अखेरीपासून हादरे देत होता. धोक्याचा प्रदेश दाखविणारा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार झाला होता, आणि त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखविले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री स्फोट झाला, बर्फ वितळले, आणि सुमारे अडीच तासांनी तो लोंढा आर्मेरोवर कोसळला. त्या रात्री २३ हजारांहून अधिक माणसे दगावली. उंचवट्यावर जाण्यास अडीच तास पुरेसे होते. जाण्याची आज्ञा मात्र वेळेवर पोहोचली नाही.

सहा वर्षांनी फिलिपाइन्समधील पिनातुबो पर्वताने तीच परीक्षा पुन्हा घेतली. सुमारे पाचशे वर्षे तो निद्रिस्त होता. मार्च १९९१ मध्ये उतारावरील रहिवाशांना धक्के जाणवू लागले आणि २ एप्रिलला वाफेचे स्फोट झाले. रायमुंदो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो शास्त्रज्ञ आणि त्यांच्या साह्यास आलेले अमेरिकी सहकारी यांनी पर्वताभोवती यंत्रे बसविली. मेच्या अखेरीस तीस-पस्तीस किलोमीटर खोलीवरून संथ कंप येऊ लागले. गंधकाच्या वायूचे प्रमाण १३ मे रोजी दिवसाला ५०० टन होते, ते २८ मेपर्यंत ५,००० टनांवर गेले. आणि जूनच्या आरंभी एकाएकी घटले. येथेच खरा पेच होता. वायू घटला म्हणजे पर्वत शांत होत आहे, असे कोणीही म्हटले असते. त्याचा दुसरा अर्थ असा की, वरची वाट बुजली असून आत दाब वाढत आहे. शास्त्रज्ञांनी वायूचा आकडा एकटा न वाचता कंपांच्या नोंदींशी ताडून पाहिला आणि लोकांना हलविण्याचा आग्रह सोडला नाही. सावधगिरीचे क्षेत्र दहा, वीस, तीस किलोमीटर असे वाढत गेले. १० जूनला क्लार्क येथील अमेरिकी विमानतळावरून सुमारे साडेचौदा हजार माणसे हलविण्यात आली.

१५ जून रोजी विसाव्या शतकातील दुसऱ्या क्रमांकाचा प्रचंड स्फोट झाला. त्याच दिवशी वादळही आले. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे खचली आणि शेकडो लोक प्राणास मुकले. तथापि वेळीच झालेल्या स्थलांतरामुळे किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे.

स्फोटाचा नेमका मुहूर्त आजही कोणी सांगू शकत नाही. कंप वाढूनही पर्वत पुन्हा झोपी गेल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे कधी घर सोडलेल्यांना रिकाम्या हाताने परतावे लागते आणि इशारा देणाऱ्यांना बोल लागतो. आर्मेरोचे स्मरण ठेवले, तर तो बोल सोसणे हीच त्या कामाची स्वस्त किंमत आहे, हे पटते.