जमीन जवळ आल्याची खूण

नागपूरहून कोकणचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. तरीही कोकणात वाहून आलेल्या देवमाशाचे हाड अभ्यासासाठी ठेवून घ्यायचे असेल किंवा डॉल्फिनच्या पाठीवर माग काढणारे यंत्र बसवायचे असेल, तर परवानगीचा कागद नागपूरच्या दप्तरात येतो. देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. वाघांच्या फायलींशेजारी देवमाशांच्या फायली! मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आणि २०१२ साली मुंबईत कांदळवन कक्ष सुरू झाला, तेव्हापासून किनाऱ्याच्या कामाला किनाऱ्याजवळचे घर मिळाले, एवढेच.

कायद्याच्या भाषेत हे प्राणी जपण्याच्या वस्तू आहेत, पर्यटनाच्या भाषेत पाहण्याच्या. दिवाळीनंतर तारकर्ली, दापोली, गुहागरकडे डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सुरू होतात. इंजिन लावलेली होडी डॉल्फिनच्या मागे धावते, तासाभरात परत येते. पण इंजिन आणि तिकीट येण्यापूर्वीही माणसे दोन हजार वर्षे शिडाच्या जहाजातून याच पाण्यातले प्राणी पाहत होती, ठरावीक ऋतूत पाहत होती, आणि पाहिलेले लिहूनही ठेवत होती. त्यांना ते प्राणी कशासाठी हवे होते, हा या लेखाचा विषय आहे.

सर्वांत प्रसिद्ध नोंद भीतीची आहे. इ.स.पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखातून निघालेले निआर्कसचे ग्रीक आरमार मकरानच्या किनाऱ्याने जात असताना पहाटे समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले. घाबरलेल्या वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्ही गळाली. निआर्कसने जहाजे लढाईसारखी रांगेत लावली, आरोळ्या ठोकायला लावल्या, कर्णे फुंकवले. देवमासे बुडी मारून मागच्या बाजूला वर आले. एरियनच्या ‘इंडिका’त हा प्रसंग मोठ्या चवीने सांगितलेला आहे. मला त्यातले एक लहानसे वाक्य अधिक मोलाचे वाटते: हे काय आहे असे वाटाड्यांना विचारले, तेव्हा त्यांनी देवमासे आहेत असे सांगून टाकले. ज्यांना माहीत होते त्यांना आश्चर्य वाटले नाही, आणि ज्यांना आश्चर्य वाटले त्यांनी इतिहास लिहिला. या विषयातल्या बहुतेक साधनांची कथा हीच आहे.

माहितगारांचे ज्ञान कागदावर उतरले ते सुमारे चारशे वर्षांनी, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पुस्तिकेत. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ती लिहिली. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ती पैठण आणि तेरच्या उल्लेखांमुळे ठाऊक असते. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांवर. कल्याण आणि चौल ही बंदरेही तिच्यात येतात. या नावांच्या शोधात आपण ज्या ओळी भराभर ओलांडतो त्यांत साप आहेत.

सिंधूच्या मुखाकडे येणाऱ्या जहाजांना जमीन जवळ आल्याची खूण म्हणजे खोल पाण्यातून वर येणारे साप, असे लेखक सांगतो. कच्छच्या आखाताजवळचे साप फार मोठे आणि काळे. पुढे भडोचच्या बाजूला ते लहान, हिरवट आणि सोनेरी झाक असलेले. आणखी खाली केरळच्या किनाऱ्यासमोर पुन्हा काळे, पण आखूड, लाल डोळ्यांचे. या वर्णनांत आजच्या कोणत्या जाती बसतात याचा काथ्याकूट काही अभ्यासकांनी केला आहे. तो फारसा फळत नाही, कारण लेखक प्राणिशास्त्र सांगायला बसलेला नाही. तो पत्ता सांगतो आहे. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावर गावांची नावे आणि मैल कोरलेले आहेत. त्याच्या वाटेवर तेच काम सापांचे रंग करतात.

ही खूण खरी का ठरते, हे सागरी सापांच्या जगण्यातच आहे. साप फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यामुळे त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. बहुतेक जातींचे खाणे मात्र तळाशी असते. एका दमात तळ गाठून परत येता येईल एवढ्याच खोलीच्या पाण्यात त्यांचा संसार चालतो, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर. मुंबईसमोर हा उथळ पट्टा तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. म्हणून भर समुद्रातून येणाऱ्या जहाजाला पश्चिम किनाऱ्याचा डोंगर दिसण्याच्या कितीतरी आधी साप दिसतात. पिवळ्या पोटाचा साप तेवढा अपवाद. तो खुल्या महासागरातही तरंगत राहतो. तेव्हा नुसता साप दिसून भागत नव्हते, कोणता दिसला हे ओळखणारा डोळा जहाजावर हवा होता.

आणि ही खूण नेमकी त्याच प्रश्नाचे उत्तर देत होती, जो दुसऱ्या कशाने सुटत नव्हता. ध्रुवताऱ्याच्या किंवा सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढता येतो. आपण पूर्वेकडे किती आलो, हे रेखांश कळल्याशिवाय समजत नाही, आणि आपला पश्चिम किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला. अरबस्तानातून सरळ पूर्वेकडे येणाऱ्या तांडेलाला अक्षांश ठाऊक असून उपयोग काय? पावसाळी ढगांत, वारा पाठीशी असताना, रात्री किनाऱ्यावर आदळण्याची भीती खरी होती. जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन सप्टेंबरच्या आसपास इकडे पोचत. इकडे नारळी पौर्णिमा होऊन किनाऱ्यावर ओढलेली गलबते पुन्हा पाण्यात लोटली जात, साधारण त्याच दिवसांत. पंधराव्या शतकातला अरबी नावाडी इब्न माजिद आपल्या ग्रंथात जमिनीच्या खुणांमध्ये सापांना जागा देतो. तो परदेशी प्रवासी नव्हता, या समुद्रावरच वाढलेला धंदेवाईक माणूस होता. म्हणून त्याची साक्ष वजनदार.

सगळ्यांत बोलकी नोंद मात्र सप्टेंबर १७६३ ची आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या विद्वानांच्या तुकडीपैकी उरलेले लोक मोखा बंदरातून मुंबईकडे निघाले होते. तुकडीचा निसर्गतज्ज्ञ पीटर फोर्सकोल जुलैतच येमेनमध्ये हिवतापाने गेला होता. चित्रकार आणि नोकर वाटेत समुद्रावर वारले. मुंबईच्या अलीकडे पाण्यावर लहान साप खेळताना दिसले, तेव्हा ते लिहून ठेवायला निसर्गतज्ज्ञ उरला नव्हता; लिहिले ते कार्स्टन नीबूर या मोजणीदाराने. हा नीबूर गॉटिंगेनच्या टोबियास मायरचा शिष्य. चंद्र आणि तारे यांमधले अंतर मोजून रेखांश काढण्याची त्या काळातली अगदी नवी पद्धत तो शिकून आला होता आणि प्रवासभर वापरत होता. युरोपात रेखांशाच्या प्रश्नावर मोठमोठी बक्षिसे लागलेली. अशा माणसाने, साप दिसले की हिंदुस्थानची जमीन जवळ आली असे खलाशी समजतात, ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. पेरिप्लसनंतर सतराशे वर्षांनी, जवळजवळ त्याच महिन्यात, तीच खूण चालू होती. त्या तुकडीतून जिवंत घरी पोचला तो नीबूर एकटाच.

यात कोकणचा आवाज कुठे आहे? आंग्र्यांच्या आरमाराविषयीचे कागद प्रामुख्याने दस्तके, जकात आणि लढायांचे. किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या गलबताला सापांची गरजही कमी होती. डोंगर, देऊळ, किल्ला या खुणा डोळ्यांसमोर असत. पण कुठल्या महिन्यात कोणत्या पाण्यात कोणता प्राणी दिसतो हे नाखव्यांना ठाऊक होते. त्यातले फारच थोडे कागदावर आले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शिडे उतरली, इंजिने आली, आणि ते ज्ञान सांगण्याचे कारणच उरले नाही. याची हळहळ वाटते. नकाशे हरवले तर निदान हरवल्याचे कळते.

लिहिलेल्या नोंदी काय करू शकतात याचे उदाहरण शिकाऱ्यांनीच दिले आहे. चार्ल्स टाउनसेंड याने १९३५ साली अमेरिकन शिडाच्या जहाजांच्या रोजनिशा चाळून ५३,८७७ देवमाशांच्या शिकारी महिन्यावार नकाशावर मांडल्या. अरबी समुद्रात हंपबॅक देवमासे असल्याचे त्यांतूनही दिसते. सोव्हिएत जहाजांनी १९६० च्या दशकात चोरून २४२ हंपबॅक मारले, त्यांतले बहुतेक नोव्हेंबर १९६६ मध्ये, ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर. ती आकडेवारी उघड झाली १९९० च्या दशकात, आणि तिच्यातूनच कळले की हे देवमासे इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने याच समुद्रात राहतात, इथेच खातात, इथेच वितात. ओमानजवळच्या पाहणीत त्यांची संख्या अवघी ८२ च्या आसपास निघाली. ‘लुबान’ नावाच्या मादीला २०१७ साली यंत्र बसवले, ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन परत गेली.

शिडाची होडी पुन्हा या कामाला आली ती १९८२ ते १९८४ या काळात. हिंदी महासागर १९७९ साली देवमाशांसाठी अभयक्षेत्र जाहीर झाला होता. त्यानंतर हॅल व्हाइटहेड, जोनाथन गॉर्डन आणि त्यांचे सहकारी ‘ट्युलिप’ या सुमारे दहा मीटरच्या शिडाच्या होडीतून श्रीलंकेच्या आसपास दिवसेंदिवस स्पर्म व्हेलच्या मागे राहिले. इंजिन बंद ठेवले की पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकावर देवमाशांची टकटक ऐकू येई, आणि त्या आवाजावर दिशा धरता येई. जुन्या तांडेलाचा धीर आणि नवे यंत्र, असा तो मेळ होता.

आपल्याकडे २०१५ साली कोकण सिटेशियन रिसर्च टीमला सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ निळा देवमासा आणि त्याचे पिल्लू दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्यावर येऊन मेला. बातमी दुसऱ्याची मोठी झाली.

सापांकडे आता कोणी दिशेसाठी पाहत नाही. मालवणला ते ट्रॉलरच्या आणि इतर जाळ्यांत अडकून येतात आणि तिथेच मोजले जातात. या शतकाच्या आरंभीच्या मोजणीत गोवा-कोकणच्या जाळ्यांत एका जातीचे साप, हायड्रोफिस कर्टस, सर्वाधिक होते. नंतरच्या मोजणीत चोचीसारख्या नाकाच्या हायड्रोफिस शिस्टोससने त्यांना मागे टाकले. पेरिप्लसच्या लेखकाने काळे, हिरवे आणि सोनेरी अशी वाटणी केलेल्या किनाऱ्यावर, वीस वर्षांच्या आत, सापांची वाटणी पुन्हा बदलली आहे.