मोकळी जागा कुणाची?

दोस्तांनो, मोहर्लीत बसून मुंबईच्या गिरण्यांचं आपल्याला काय, असं म्हणू नका. ताडोबातून गाव उठलं की मागं राहिलेली जागा कुणाची होते, ते आपण बघतोच.

गिरणीत आपली माणसं सूतकताईला चालत, कापड खात्यात नाही. धाग्याला तोंड लागतं, विटाळ होतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला, आणि पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली.

१९९१ ला मुंबईच्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन नव्यानं बांधायला काढली तर साधारण तिसरा हिस्सा महापालिकेला बाग-मैदानासाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, उरला तो मालकाला. कागदावर बरं होतं. २००१ ला दुरुस्ती झाली : वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. शेड उभी होती ती जागा वाटणीबाहेर. मग शेड पाडली तरी खालची जमीन मालकाचीच! एका शब्दानं एकरच्या एकर गिळले. हायकोर्टानं २००५ ला अडवलं. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं दुरुस्ती कायम केली.

गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ ला. संपाला तेव्हा तीस वर्षं झाली होती. कितीक अर्जांवर वारसांच्या सह्या होत्या.