दर्याचा पिवळा रंग
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समुद्र निळा असतो असं आपल्याला शाळेत चित्रकलेच्या तासालाच शिकवून टाकतात. कोकणातला माणूस ते ऐकतो आणि गालातल्या गालात हसतो. श्रावणात खाडीच्या तोंडाशी उभं राहून बघा, निळा रंग शोधूनही सापडणार नाही. पाणी गढूळ, तांबूस असतं. पाऊस ओसरला, गाळ खाली बसला, तरी त्यात एक पिवळट झाक राहतेच. या पिवळेपणाची गोष्ट आज सांगायची आहे. मी कविता करणारा बी.ए. माणूस. प्रयोगशाळेतल्या नळ्यांशी माझा संबंध शाळेतच संपला. पण रंग हा कवींचाही विषय आहे, म्हणून हे धाडस.

पाण्याचा रंग मोजायला माणसानं सुरुवात केली ती अगदी साध्या साधनांनी. १८६५ साली आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूनं पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी दोरीनं भूमध्य समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते टिपून ठेवलं. ही तबकडी आजही वापरतात. पुढे १८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या फोरेलनं जिनिव्हा सरोवरासाठी रंगांची पट्टी केली. मोरचुदाचा निळा आणि पोटॅशियम क्रोमेटचा पिवळा द्राव वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून काचेच्या नळ्या भरायच्या आणि समोरच्या पाण्याशी ताडून बघायच्या. जर्मनीच्या उलंनं त्यात तपकिरी छटांची भर घातली. अशा एकवीस नळ्या झाल्या. रंगाला क्रमांक मिळाला, पण रंग येतो कुठून हे कोडं तसंच राहिलं.

निळ्याचं कोडं सोडवण्यात आपल्या माणसाचा मोठा वाटा आहे, आणि त्यात मुंबईचंही नाव येतं. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनं परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅलेचं मत होतं. रामन यांनी जवळच्या निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरून येणारं प्रतिबिंब अडवलं तरी निळा रंग जाईना! त्यांनी ‘नेचर’ला लिहिलेल्या पत्रावर मुंबई बंदराचा पत्ता आणि २६ सप्टेंबर ही तारीख आहे. पाण्याचे रेणू निळा प्रकाश विखुरतात आणि पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, या दोन्हींतून समुद्र निळा होतो, असं आज मानतात.

मग पिवळा कुठून येतो? कुर्ट काले या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात त्याला नाव दिलं ‘गेल्बश्टॉफ’, म्हणजे सरळ मराठीत ‘पिवळा पदार्थ’. हे पान, गवत, लाकूड, माती कुजून पाण्यात विरघळलेलं द्रव्य. कोरा चहा गाळणीतून गाळला तरी त्याचा रंग चहाबरोबर खाली उतरतोच, तसंच हे. नदी जंगलातून, दलदलीतून येताना असा काढा करत येते. हा काढा निळा आणि अतिनील प्रकाश पिऊन टाकतो, म्हणून उरलेलं पाणी आपल्याला पिवळट दिसतं.

इथे एका शब्दाशी थोडं थांबतो. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. आमच्या घरातल्या उर्दूत दरिया म्हणजे नदी. शब्द एकच, फारसीतून आलेला. खाडीच्या तोंडाशी नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे या शब्दालाही ठरवता आलेलं नाही. शास्त्रज्ञांची अडचण नेमकी तिथलीच आहे.

या पिवळ्या काढ्यात कार्बन असतो. नद्या दरवर्षी सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात ओततात, आणि साऱ्या महासागरांत मिळून असा सुमारे ६६ हजार कोटी टन कार्बन साठलेला आहे. हवेतल्या कर्बवायूत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ पाऊण पट! पृथ्वी तापण्याचा हिशेब मांडायचा तर ही वही बाजूला ठेवून चालत नाही.

पण वही लिहिणं सोपं नव्हतं. १९८८ मध्ये सुगिमुरा आणि सुझुकी या जपानी शास्त्रज्ञांनी नव्या भट्टीत समुद्राचं पाणी जाळून मोजलं आणि कार्बन जुन्या आकड्यांपेक्षा खूपच जास्त असल्याचं जाहीर केलं. खळबळ उडाली. जगभरच्या प्रयोगशाळांना ते आकडे पुन्हा मिळेनात. १९९१ मध्ये सिएटलला खास बैठक भरली, वाद झाले. अखेर १९९३ मध्ये सुझुकींनी स्वतःच ते आकडे मागे घेतले. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. आज मायामी विद्यापीठातून ठरावीक प्रमाणाचं पाणी जगभर जातं, आणि आपलं यंत्र खरं बोलतंय का, हे प्रयोगशाळा त्यावर पारखून घेतात.

बाटल्या किती भरणार? म्हणून रंगावरून कार्बनचा अंदाज घ्यायची कल्पना पुढे आली. जितका पिवळेपणा जास्त तितका कार्बन जास्त, असं सरळ गणित. नदीचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळत जातं तिथे ते बऱ्यापैकी जुळतंही. मात्र ऊन मध्ये येतं. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग विटतो, तसा हा पदार्थही उन्हात विटतो. रंग उडतो, पण त्या प्रमाणात कार्बन कमी होत नाही. त्यामुळे एका ऋतूतलं सूत्र दुसऱ्या ऋतूत फसतं.

यावर फिशो आणि बेनर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये तोड सुचवली. मिसिसिपी नदी जिथे मेक्सिकोच्या आखातात उतरते तिथलं पाणी त्यांनी अभ्यासलं. शोषण किती एवढंच न बघता, ते २७५ ते २९५ नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात किती वेगानं उतरतं, हा उतार त्यांनी पाहिला. पाणी उन्हात विटत जातं तसा उतार तीव्र होत जातो. म्हणजे रंगाबरोबर त्यानं खाल्लेल्या उन्हाचीही नोंद मिळते, आणि कार्बनचा अंदाज बराच जवळ येतो.

उपग्रहांना हा पट्टा थेट दिसत नाही. ओझोनचा थर तो अडवतो. त्यांना दृश्य रंगांवरून त्याचा माग काढावा लागतो. १९७८ मध्ये गेलेला ‘निम्बस-७’ हा समुद्राचा रंग पाहणारा पहिला उपग्रह. किनाऱ्याजवळ मात्र तो फसायचा, कारण शेवाळाचं हरितद्रव्यही निळा प्रकाश पितं आणि हा पिवळा पदार्थही. आपल्या ‘ओशनसॅट-१’मध्ये, म्हणजे १९९९ साली, जांभळ्या प्रकाशाचा एक पट्टा या पिवळ्या पदार्थासाठी ठेवला होता. त्या माहितीवर मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या नद्यांच्या मुखांचाही अभ्यास झाला.

अडचण उरते ती आपल्या पावसाची. आपल्या नद्या वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत ओततात, आणि नेमके तेव्हाच ढग उपग्रहाचे डोळे झाकतात. त्या महिन्यांत कुणाला तरी होडीतून जाऊन बाटल्या भराव्याच लागतात. पाणी लगेच गाळून, तपकिरी काचेच्या बाटलीत, थंड आणि अंधारात ठेवायचं. उन्हात राहिलं तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याचा रंग बदललेला असतो.